आठवड्याला दोन बादल्या

धर्मेंद्र वायरमन लग्नाला गेला की पंगतीत बसण्याआधी मांडवाच्या लोखंडी खांबाला उलटा हात लावून पाहतो. तळहात लावत नाही, हाताची मागची बाजू लावतो. खांबात करंट असला तर तळहात खांबाला घट्ट धरून बसतो आणि मग सोडवायला दुसरा माणूस लागतो. उलटा हात झटक्यासरशी मागे येतो. पंगतीतले लोक हसतात, वाढपी खोळंबतात, नवरदेवाचा मामा कपाळाला आठ्या घालतो. धर्मेंद्र चारही खांब पाहून येतो आणि मगच पत्रावळीपुढे बसतो. तापीवरच्या प्रकाशा गावच्या देवळात दर्शनाच्या रांगेतसुद्धा तो आधी रेलिंगला उलटा हात लावतो. त्याची बायको चेतना म्हणते, देवाला नमस्कार नंतर, आधी पायपाला.

मीही त्याला खूप हसलो आहे. शहाद्यात माझं पाइप आणि ठिबकचं दुकान आहे, सगळे मला आप्पा म्हणतात. गिऱ्हाइकाच्या शेतात मोटर बसवायची असली की मी धर्मेंद्रला बोलावतो, त्याला पंचवीस वर्षं तरी झाली असतील. अंगाने काटकुळा, खिशात पेनाशेजारी टेस्टर, पायात जाड रबराची चप्पल. पिशवीत जुन्या मफलरीत गुंडाळलेला दोनशे वॅटचा बल्ब. हा बल्ब तो लेकरासारखा सांभाळतो. त्याचा उपयोग पुढे सांगेन.

त्याची ही खोड कुठून आली, ते मला त्याच्या आईने, भिकुबाईने सांगितलं. आयटीआय होऊन आल्यावर धर्मेंद्रने पहिली वायरिंग केली ती स्वतःच्याच गोठ्यात. लोखंडी पायपावर बल्ब लावला. बाप रतिलाल पाटलाने गावभर सांगितलं, पोराने गोठ्यात दिवाळी केली. पंधराव्या दिवशी सकाळी म्हशीने त्या पायपाला पाठ घासली आणि ती जागच्या जागी खाली बसली. परत उठली नाही. धर्मेंद्र समोर उभा होता. रतिलालने पोराला एक शब्द बोलून दाखवला नाही. "दुसरी आणू," एवढंच म्हणाला आणि शेतात निघून गेला. बापाने चार शिव्या दिल्या असत्या तर पोराचं मन मोकळं झालं असतं. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा गडी त्या दिवसापासून पाणीही फुंकून पितो.

आता आमच्या क्लबाबद्दल. तापीकाठ सेवा क्लब. आमच्याकडे माणूस पहिल्या वर्षी टाळ्या वाजवतो, दुसऱ्या वर्षी हार घालतो आणि तिसऱ्या वर्षी सचिव होतो. माझं तिसरं वर्ष होतं. त्या वर्षी हॉलंडमधल्या एका गावाच्या क्लबाशी आमची भागीदारी ठरली. तिथल्या लोकांनी केक विकून आणि सायकली चालवून निधी जमवला, आणि त्यातून सातपुड्यातल्या बारा शाळांना डिजिटल बोर्ड मिळाले. भिंतीएवढा पडदा, बोटाने चालणारा, लोखंडी स्टँडवर उभा. अट एकच होती. दर महिन्याला आम्ही प्रत्येक शाळेत जाऊन पाहणी करायची आणि चौदा प्रश्नांचा अहवाल पाठवायचा. अहवाल पाठवायचं काम सचिवाचं.

बोर्ड बसवायचं काम मी धर्मेंद्रला दिलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो जमिनीचा.

विजेच्या यंत्रात कुठे वायर उघडी पडली की करंट त्याच्या लोखंडी अंगावर येतो. त्याला जमिनीत जायला वाट करून ठेवावी लागते. त्यालाच अर्थिंग म्हणतात. खोल खड्डा करायचा, त्यात पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळशाचे थर द्यायचे. ही वाट ओली असेल तोवर चालते. सुकली की बंद, आणि मग करंट जातो तो हात लावणाऱ्या माणसातून. आमच्या तापीकाठी हा प्रश्नच येत नाही. केळीला ठिबक, उसाला पाट. काळी माती बारा महिने ओली. धर्मेंद्रने जन्मभर याच मातीत खड्डे केले होते. खड्ड्याला पाणी लागतं हे त्याला माहीत होतं, पण ते पाणी कुणाला आणावं लागतं, हा विचार त्याने कधी केला नव्हता. मीही नाही. आम्ही सपाटीवरची माणसं. पाणी म्हटलं की आम्हाला बटण आठवतं.

बारावी, म्हणजे शेवटची शाळा जांभीपाड्याची. तळोद्याहून घाट चढून वर, दोन खोल्यांची, चौसष्ट पोरं, प्रतिभा नावाच्या बाई शिकवायला. जमीन म्हणजे नुसता मुरूम आणि खाली खडक. तीन दिवस खणून पाच फूट खड्डा झाला. सप्टेंबर महिना होता, शाळेमागून ओहोळ खळाळत होता. झाकणावर धर्मेंद्रने लाल रंगाने लिहिलं, 'दर शनिवारी पाणी टाकणे, दोन बादल्या'. मग त्याला वाटलं, नुसतं लिहून भागणार नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलीबाईला त्याने हाताला धरून खड्ड्यापाशी आणलं आणि बजावलं, "बाई, शनिवार चुकवू नको. पाणी नाही टाकलं तर पोरं बोर्डाला चिकटून मरतील." कमलीबाई खड्ड्याकडे बघत राहिली. मी बाजूला उभा होतो आणि मनात म्हणत होतो, याने आता या बाईलाही घाबरवलं.

ऑक्टोबरपासून दर एक तारखेला अहवाल जाऊ लागले. अकरावा प्रश्न होता, अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी दिले जाते का? मी 'होय' लिहिलं. लिहिताना दुकानातल्या पंख्याखाली बसलो होतो. नोव्हेंबरातही होय. त्यानंतरही होय. सात महिने मी घाट चढलो नाही आणि सात वेळा बाराही शाळांना होय लिहिलं. खरं सांगतो, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणे लांबचे, प्रश्न चौदा आणि दुकानात सीझन.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलंडचे पाहुणे येणार असं कळलं. डिसेंबरात या म्हटलं, तर त्यांना नाताळ सोडवत नाही. मार्गाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका आणि त्यांच्याबरोबर दोघं. त्यांनी स्वतः यादीतून शाळा निवडली, जांभीपाडा. सकाळची शाळा होती, साडेसातला भरायची. पाहुणे साडेनऊला पोचणार होते. पोरांनी एकेक करून बोर्डावर चित्रं काढायची, मग सगळ्यांनी बोर्डाला हात लावून फोटो काढायचा, असा कार्यक्रम मीच आखला होता.

आदल्या दिवशी दुपारी धर्मेंद्र दुकानात आला. बाराही शाळांचे बोर्ड नीट चालतात का, हे विचारायला. मी म्हटलं, झकास. पुरावा म्हणून फोनमधला प्रतिभाबाईंचा निरोप दाखवला: 'सर, भिंतीवरची ती छोटी पेटी सारखी पडायची व बोर्ड बंद व्हायचा. इथल्या एकाने पेटी काढून डायरेक्ट जोडून दिले. आता बोर्ड छान चालतो.' खाली मी पाठवलेला अंगठा होता.

शॉक बसायच्या आत लाईट तोडणारी ती पेटी. धर्मेंद्रने ती हट्टाने बाराही शाळांत लावली होती. निरोप वाचून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आप्पा, हाऊ मेसेज कधना शे?"

"फेब्रुवारीचा."

"मंग आते फक्त खड्डाच ऱ्हायना." तो स्टुलावर बसला. दुकानासमोर एका गिऱ्हाइकाच्या टाकीतून पाणी वाहून रस्त्यावर चाललं होतं. तो त्या पाण्याकडे पाहत होता. "आप्पा, तठे पानी कोन टाकस?"

मी म्हटलं, कमलीबाई टाकत असेल.

"एप्रिल चालू शे. वरना हातपंप मार्चमाच आटतस. ती कोठून टाकी?" मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुम्ही कधी वर गयात?"

पंचवीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी नाही म्हणालो. अहवालाचं बोललो नाही. पण तो अहवालांची प्रत दर महिन्याला मागून नेत असे, आणि 'होय' वाचून त्याने सात महिने समाधान मानलं होतं. त्याला त्या क्षणी सगळं समजलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आता मला रतिलालच्या पोराचं दुःख कळलं.

प्रतिभाबाईंना फोन लावला. लागला नाही. त्या तयारीसाठी पाड्यावरच मुक्कामाला होत्या आणि पाड्यावर रेंज नसते. तळोद्याहून वर जाणारी शेवटची जीप निघून गेली होती. धर्मेंद्रची मोटरसायकल गॅरेजात खोलून पडली होती, आणि माझी पिकअप माल घेऊन साक्रीला गेली होती, ती मध्यरात्रीनंतर येणार. पहाटे पाचला निघायचं ठरलं.

मी पहाटे त्याच्या दारात गेलो तेव्हा तो ओट्यावर तयार बसला होता. पिशवीत मफलरीतला बल्ब, नवी पेटी, आणि बाजूला पाण्याने भरलेले वीस-वीस लिटरचे दोन कॅन. चेतनाने चहा आणला. तिने मला हळूच सांगितलं, "आप्पा, काल दुपारपासून पानीबी पिनात नई ह्या."

मी म्हटलं, "काही व्हवाव नई, धर्मा."

"तुमले कसं माहीत?" तो म्हणाला. मी कॅन उचलून पिकअपमध्ये ठेवले.

तळोदा मागे पडेपर्यंत सव्वासहा झाले. मन चिंती ते वैरी न चिंती. आता माझंही मन तेच करत होतं. चौसष्ट पोरं. दुसरीतली पोरं बोर्डाच्या स्टँडला धरून उभी राहतात, त्यांचा हात वर पुरत नाही म्हणून. एकाला चिकटलं की दुसरा त्याला ओढायला जातो, मग तिसरा. धर्मेंद्र मांडीवरचा बल्ब दोन्ही हातांनी धरून बसला होता. खड्ड्यात गाडी आदळली की तो आधी बल्ब वर उचलायचा.

घाटाच्या मधोमध एक ट्रक आडवा उभा होता. गुजरातेतून ऊसतोड करून परतणारी माणसं. बोचकी, कोंबड्या, पोरं, एक शेळी, सगळं रस्त्यावर उतरवलेलं, कारण ट्रकचं चाक कडेच्या मातीत रुतलं होतं. बाजूने पिकअप जाईना. मी खाली उतरून चाकाखाली दगड टाकू लागलो. धर्मेंद्रही आला. दहा-बारा बायामाणसांनी आणि आम्ही मिळून रेटा दिला. सात वीस झाले. साडेसात झाले. ट्रक निघाला तेव्हा धर्मेंद्रच्या कोपराला खरचटून रक्त येत होतं, ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"घंटा झाली व्हई," तो म्हणाला.

शाळेसमोर गाडी थांबली तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता आणि बोर्डावरचं गाणं चालू होतं. धर्मेंद्र गाडी थांबायच्या आत उतरला. मी दारात पोचलो तर एक पोरगी चित्र काढत होती, तिच्यामागे पाच-सहा जणांनी लोखंडी स्टँड गच्च धरलेला होता. प्रतिभाबाई हसून "या सर" म्हणाल्या. तेवढ्यात बोर्ड काळा पडला. धर्मेंद्रने व्हरांड्यातलं मेन स्विच पाडलं होतं. पोरं 'आ' करून ओरडली, आणि मला त्यांचा तो आवाज फार गोड वाटला.

मी मागे गेलो. धर्मेंद्र खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसून झाकण सरकवत होता. भोवतालची जमीन तडकली होती. ओहोळाच्या जागी नुसते दगड होते. झाकण सरकलं आणि तो थबकला.

खड्डा ओला होता. वरवर ओला नव्हे. माती काळी पडून बसली होती आणि मिठाचा पांढरा कड पाइपभोवती चमकत होता. धर्मेंद्रने त्या चिखलावर तळहात टेकला. उलटा हात न लावता त्याने कशावर तरी थेट तळहात ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तरी तो तेवढ्यावर थांबणारा नव्हे. पोरांना बाहेर काढलं. मफलरीतून बल्ब निघाला. त्याची एक तार चालू लाईटच्या वायरला लावायची आणि दुसरी अर्थिंगच्या तारेला. जमीन कोरडी असेल तर बल्ब मिणमिणतो. ओली असेल तर पूर्ण पेटतो. ही त्याची परीक्षा. त्याने मला मेन स्विच चालू करायला सांगितलं. मी स्विच वर केलं. बल्ब असा पेटला की डोळ्यांवर हात धरावा लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला.

धर्मेंद्र भिंतीला टेकून खाली बसला. मग त्याने बोर्डामागे सोललेली वायर शोधून तिला टेप गुंडाळला, नवी पेटी बसवली आणि कॅन उचलून स्वयंपाकाच्या शेडकडे निघाला. तिथे कमलीबाई चूल पेटवत होती.

"बाई, खड्ड्यात पाणी कुणी टाकलं?"

"मी टाकते ना. दर शनवारी." डोंगरात 'तुम्ही' नसतं, तिने सरळ विचारलं, "तूच सांगून गेला ना?"

"पाणी कुठून आणतेस? पंप तर बंद आहे."

तिने हाताने खाली दरीकडे दाखवलं. वाळूत झिरा खणला होता, तिथून. एक हंडा भरायला बसून राहावं लागतं, वाटीवाटीने. जायला-यायला तासभर. शाळेसाठी रोज चार हंडे ती आणि तिची सून आणतात. खिचडीला दोन, पोरांना प्यायला दोन.

"आणि शनिवारी?" धर्मेंद्रने विचारलं.

"शनवारी प्यायचे दोन खड्ड्याला." तिने चुलीत काटकी सरकवली. "पोरांना सांगते, आज घरी जाऊन प्या. ताटं राखेनं घासते. माझी नात रडते, तहान लागली म्हणते. पण तू बोलला, पाणी नाय टाकलं तर पोरं मरतील. मग मी कशी नाय टाकणार?"

धर्मेंद्रच्या हातात कॅन तसेच होते. त्याने दोन्ही कॅन तिच्या हंड्यांत रिकामे केले. शेवटचा थेंब पडेपर्यंत कॅन उलटा धरून उभा राहिला.

साडेनऊला पाहुणे आले. हार झाले, गाणं झालं, पोरांनी बोर्डावर बैल आणि डोंगर काढले. मार्गाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी प्रतिभाबाईंमार्फत मला सांगितलं, तुमचे अहवाल आम्ही क्लबात मोठ्याने वाचतो, आणि आमच्या गावात तर जमिनीतलं पाणी बाहेर काढायलाच पंप लावावे लागतात. सगळे हसले. मी हसलो नाही. सात वेळा मी न पाहता होय लिहिलं होतं, आणि निदान या शाळेपुरतं ते सातही वेळा खरं निघालं होतं. खोटं निघालं असतं तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. हे खरं कुणाच्या घशातून काढलेलं होतं, ते विचारायला चौदा प्रश्नांत जागा नव्हती.

मी मार्गाबाईंना बाजूला घेतलं आणि प्रतिभाबाईंना म्हटलं, मी सांगतो ते जसंच्या तसं सांगा. मी सात महिने इथे आलो नाही. खड्ड्याला पाणी मिळालं ते या बाईमुळे, आणि पंप आटल्यापासून ते पोरांच्या प्यायच्या पाण्यातून मिळालं. प्रतिभाबाईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग सांगितलं. मार्गाबाई सरळ शेडकडे गेल्या आणि कमलीबाईशेजारी चुलीपाशी जाऊन बसल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पुढे क्लबाचं काय होईल, भागीदारी राहील की जाईल, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं आणि आजही नीटसं ठाऊक नाही. पत्रं चालू आहेत.

मी धर्मेंद्रला शोधत मागे गेलो. तो खड्ड्याच्या झाकणापाशी रंगाची डबी उघडून बसला होता. स्वतःचीच लाल अक्षरं त्याने चाकूने खरवडून काढली होती. आता ब्रशने सावकाश नवं लिहीत होता: 'पाणी धर्मेंद्र आणेल'.

"दर शनिवारी एवढ्या लांबून येणार?" मी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "भ्याव मन्हा व्हता, आप्पा," तो म्हणाला. "पानी तिनी भरं." भीती याची, हंडे तिचे.

सुरुवातीला शनिवारी पहाटे त्याच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधलेले असायचे. दोन खड्ड्याला, दोन कमलीबाईच्या हंड्यांत, म्हणून हल्ली चार न्यावे लागतात, आणि चार मोटरसायकलवर बसत नाहीत. म्हणून मी पिकअप काढतो. महिन्याचा अहवाल आता बाकीच्या अकरा शाळा पाहून झाल्यावर तिथेच, व्हरांड्यात बसून लिहितो. अकराव्या प्रश्नाशी आलो की पेन थांबतं. मी उठून मागे जातो, झाकण सरकवतो, मातीला हात लावून पाहतो आणि मग होय लिहितो.